पाण्याचे टँकर वगळून

चिपळूणहून निघालो तेव्हा फाल्गुन सरत आला होता. पत्र्याच्या पेटीत सहा ब्रश, रेघा मारायची दोरी, खडूची पूड आणि दोन सदरे, एवढंच सामान. माझा मेव्हणा वाळूजच्या एका नव्या कारखान्यात फिटर होता. त्याचं पत्र आलं होतं : ‘इकडे रस्त्यांवर पाट्या रंगवायचं महिना-दीड महिन्याचं काम आहे. तुझं अक्षर चांगलं आहे. ये.’ कोकणात चैत्र संपेपर्यंत रंगाऱ्याला फारसं काम नसतं. मी निघालो.

पुण्याला गाडी बदलली. नगर सोडल्यावर खिडकीतून दिसणारं सगळंच एका रंगाचं झालं, जुन्या पोत्यासारखं. कायगावच्या पुलावरून गोदावरी ओलांडली. मी गंगा बघायची म्हणून उठून उभा राहिलो, तर खाली भेगाळलेला गाळ आणि मधोमध पाण्याची एक पट्टी. शेजारचा म्हातारा म्हणाला, “दोन सालापास्नं अशीच हाय. बसा खाली.”

वाळूज आलं आणि एकदम गर्दी झाली. रस्त्याच्या दोन्ही अंगाला पाये खणलेले, लोखंडी सांगाडे, नव्या भिंती. मुरूम आणि खडी भरलेले ट्रक एकामागून एक आत वळत होते. तेव्हाचं औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, त्या वर्षांत असं सगळ्या बाजूंनी वाढत होतं, आणि त्याला लागणारा दगड-मुरूम आसपासच्या टेकड्यांतून येत होता. मेव्हण्याच्या खोलीत मला तांब्याभर पाणी मिळालं. “हे हातपाय धुवायचं, आणि हेच प्यायचं,” तो हसत म्हणाला. मला ती थट्टा वाटली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो. रस्त्यांचं काम पाहणारे साहेब तरुण होते, डोळे तांबारलेले. त्यांनी मला समोर बसवून नीट समजावलं. खेड्यांतले बहुतेक रस्ते मागच्या मोठ्या दुष्काळात लोकांनी खडी फोडून केलेले. बैलगाडी जावी, फार तर एसटी जावी, एवढ्याच बेताचे. आता त्यांच्यावरून मुरुमाचे भरलेले ट्रक धावतात. रस्ते खचले, फरशीपूल हलायला लागले. म्हणून हुकूम निघालाय. त्यांनी कागद पुढे केला : ‘पूल कमकुवत आहे. भरलेल्या जड वाहनांस बंदी. आदेशावरून.’

“पांढरा हात मारलेले पत्रे जागोजाग रोवून ठेवलेत,” साहेब म्हणाले. “तुम्ही फक्त अक्षरं काढायची. कागदावर आहे तेवढीच. एक काना कमी नको, एक मात्रा जास्त नको.”

“साहेब, मी पंधरा वर्षं तेच करतोय,” मी म्हटलं.

दौलताबादचा घाट चढून एसटी खुलताबादला पोचली. टेकडीवरचं तटबंदीचं छोटं गाव. दर्ग्याच्या वाटेवर फुलांची दुकानं होती, पण टोपल्या निम्म्या रिकाम्या. तिथल्या खाणावळीत ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्यमसाल्याचं पीठ) घालून केलेली तिखट आमटी खाल्ली. चव अजून जिभेवर आहे. जेवण झाल्यावर मी सवयीने ताट धुवायला उठलो. मालक धावत आला. “राहू द्या, राहू द्या! राखेनं घासतो आम्ही.”

इथंच मला कचरूबा भेटला. तो मैलकुली (रस्त्याचा ठरावीक टप्पा सांभाळणारा सरकारी मजूर) होता. पन्नाशीचा, काटक, डोक्याला मळकं फडकं, सायकलीला बांधलेलं फावडं. पुढचे सगळे दिवस तो माझ्याबरोबर राहणार होता. वेरूळवरून कसाबखेड्याला आणि तिथून देवगाव रंगारीच्या अंगाला जाणारे आडरस्ते त्याच्या पायाखालचे होते.

पहिल्याच पाटीपाशी माझी फजिती झाली. ऊन असं की ब्रश पत्र्यावर टेकेपर्यंत रंग आळायचा. वारा सुटला की ओल्या अक्षरांवर धुळीचा थर बसायचा आणि काळी अक्षरं तपकिरी व्हायची. संध्याकाळी ब्रश रॉकेलमध्ये साफ केले आणि हात धुवायला शेजारच्या घरात पाणी मागितलं. दारातली बाई माझ्या रंगलेल्या हातांकडे बघतच राहिली.

“हात धुवायला पानी?” तिने कचरूबाला विचारलं. “कुठलं म्हनायचं हे पाव्हणं?”

“कोकनातलं,” कचरूबा म्हणाला आणि मला ओढून घेऊन गेला. “पेंटर, मातीनं घासा. लाज आनू नका.”

त्या दिवसापासून मी मातीनेच हात घासले.

आम्ही रोज दोन पाट्या करायचो. कचरूबाला वाचता येत नव्हतं, पण कुठली ओळ वाकडी आहे हे तो लांबूनच सांगायचा. वाटेत तो रस्त्यांविषयी बोलायचा, जसं कोणी आपल्या गुरांविषयी बोलावं. ही चढण लई वाईट. इथं पावसाळ्यात पाणी तुंबतं. ह्या वळणावर आपल्या बायकोनं खडी फोडली, अंगावर लहान पोर घेऊन, आणि जेवायला सुकडी (दुष्काळी कामावर वाटलेला गोड पिठाचा खाऊ). आता ट्रकांनी त्या खडीचा भुगा करून उडवला होता. आम्ही पाटी रंगवत असतानाच एक मुरुमाचा ट्रक आला. ड्रायव्हरने मान बाहेर काढून पाटी सबंध वाचली, “अक्षर झ्याक हाय!” म्हणाला आणि बंदी घातलेल्या रस्त्यावर गाडी घातली.

देवगाव रंगारीच्या पुढे चार-पाच मैलांवर तो नाला लागला. पात्र कोरडं, पण खोल, दोन्ही काठ उभे, तळाशी पोटरीभर वाळू. त्यावर दगडी खांबांचा अरुंद फरशीपूल. मधल्या खांबाचे चार-पाच दगड निखळून खाली पडले होते. पलीकडे पाऊण कोसावर मेंढपाळांची वस्ती होती, तीसेक घरं, आणि वस्तीच्या मागे टेकडी पोखरून केलेली मुरुमाची खाण.

“ही पाटी खरी कामाची,” कचरूबा खांबाकडे बघत म्हणाला. “ह्यो पूल आता टेकीला आलाय.”

मी दोरीने रेघा आखल्या आणि मन लावून अक्षरं काढली. शेवटचा शब्द संपत आला असताना मागे हॉर्न वाजला. पाण्याचा टँकर होता. ड्रायव्हर खाली उतरला. चाळिशीचा, बारीक अंगाचा, पांढरी विजार. नाव रहीमभाई, राहणार खुलताबाद. तो त्या वस्तीला एक दिवसाआड पाणी आणायचा, पूल ओलांडून जायचा आणि वस्तीच्या विहिरीत टँकर रिकामा करायचा. विहीर आटलेली होती, पण ओतलेलं पाणी तिच्यात दोन दिवस राहायचं.

रहीमभाईने ओठ हलवत पाटी वाचली. मग मला विचारलं, “ये आज से?”

“हो.”

“तो मैं कैसा जाऊं?” तो कपाळावर हात मारून म्हणाला. “भरी गाडी है. कुछ हुआ तो लायसन गया मेरा. ट्रकवाले लोगां नहीं मानते, मेरेकू मानना पड़ता. सरकारी फेरी है.”

त्याने अलीकडेच गाडी लावली आणि हॉर्न वाजवत राहिला. बऱ्याच वेळाने वस्तीवरच्या बायका घागरी-हंडे घेऊन पुलावरून आल्या. पाइपाला झोंबाझोंबी झाली. निम्मं पाणी मातीत गेलं. भरलेले हंडे घेऊन पाऊण कोस उन्हात जायचं, पुन्हा रिकामे घेऊन यायचं. दोन खेपांनंतर रहीमभाईला थांबता येईना. उरलेलं पाणी घेऊन तो देवगावच्या विहिरीकडे परत गेला.

बायकांमध्ये गयाबाई नावाची एक म्हातारी होती. उंच, सरळ, गळ्यात काळ्या मण्यांची पोत. ती माझ्यापाशी आली.

“तूच लिवलंस नव्हं हे?”

“हो आजी. पण हुकूम वरचा आहे.”

“आमच्या मेंढ्यान्ला वाचता येत नाय बाबा,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “मानसं घागरीवर भागवतील. दोनशे मेंढरं कशावर भागवू?”

त्या रात्री देवगावच्या शाळेच्या ओट्यावर पडलो असताना कचरूबा म्हणाला, “साहेबाला चिठ्ठी लिवा. मी सकाळच्या गाडीनं जाऊन येतो.” मी लिहिली. तो गेला आणि संध्याकाळी परत आला. साहेबांनी चिठ्ठी वाचली होती. पूल तपासायला माणूस पाठवतो, आठ-दहा दिवस लागतील, तोवर बंदी सर्वांना सारखी, असा निरोप होता. साहेबांचं काही चुकीचं नव्हतं. आज विचार करतो तेव्हाही मला तसंच वाटतं.

पुढच्या फेरीला आम्ही पुलाजवळच होतो. त्या दिवशी गयाबाईची सून भरला हंडा डोक्यावर घेऊन पुलाच्या तोंडाशी निसरड्या चिखलात पडली. हात कोपरातून उलटा झाला. ती ओरडली नाही. उपडा झालेला हंडा बघून मात्र रडायला लागली. वस्तीवर पोचलो तर वाडग्यात (मेंढ्यांच्या काटेरी कुंपणात) नऊ मेंढ्या मरून पडल्या होत्या. बाकीच्या त्यांच्याच अंगाला टेकून उभ्या होत्या, माना खाली घालून.

मी पुलापाशी परत आलो. पेटी उघडली. पाटीवर ‘बंदी’च्या खाली, ‘आदेशावरून’च्या वर, एका ओळीची जागा होती. मी दोरी ताणली.

“काय करता पेंटर?” कचरूबाने विचारलं.

“एक ओळ वाढवतो. पाण्याचे टँकर वगळून.”

तो उकिडवा बसून पुलाखालचे दगड बघायला लागला. मग म्हणाला, “अक्षरानं पूल मजबूत व्हत नाय.”

“मुरुमाचे ट्रक रोज जातात त्यावरून. अजून पडला नाही.”

“त्येच म्हनतोय मी.”

त्याचं म्हणणं मला कळत होतं. तरी मी लिहिलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा कोणी न सांगितलेलं लिहीत होतो, आणि खोटं कशाला बोलू, लिहिताना बरं वाटत होतं. ती ओळ त्या पाटीवरची सगळ्यात चांगली ओळ झाली.

पुढच्या फेरीला रहीमभाई आला. त्याने पाटी वाचली, पुन्हा वाचली, आणि माझ्याकडे बघितलं.

“हुकूम आया क्या?”

मी म्हणालो, “हो. आला.”

“अल्ला का शुकर है,” तो म्हणाला आणि गाडीत चढला. पहिल्या गिअरमध्ये, हातहातभर सरकत टँकर पलीकडे गेला. विहिरीत पाणी पडलं तेव्हा वस्तीवरच्या बायका काठावर नुसत्या ऐकत उभ्या होत्या. गयाबाईने आम्हा तिघांना भाकरी आणि लसणाची चटणी दिली. रहीमभाई मला म्हणाला, त्याला वाचायला मदरशातल्या मौलवींनी नाही तर बायकोने शिकवलं, लग्नानंतर. “घर पे बोलूंगा, आज एक अच्छा बोर्ड पढ़ा.”

आणखी दोन फेऱ्या नीट झाल्या.

चौथ्या फेरीला सकाळचे दहा वाजले असतील. मी आणि कचरूबा पलीकडच्या चढावर खाणीच्या फाट्याची पाटी करत होतो. खाली टँकर पुलावर चढताना दिसला. त्याच्या आधी घटकाभर दोन भरलेले ट्रक त्याच पुलावरून गेले होते. टँकर मध्यावर आला आणि थांबल्यासारखा वाटला. मग मागची बाजू खाली गेली. आवाज आमच्यापर्यंत जरा उशिराने आला. आम्ही पळत सुटलो.

टँकर नाल्यात उलटा पडला होता. टाकी फुटून पाणी वाळूत पसरत होतं, भळाभळा. वस्तीवरचे लोकही धावत आले, काहींच्या हातांत घागरी होत्या. दोघीतिघी पाण्याकडे वळल्या. गयाबाई ओरडली, “टाका त्या घागरी! मानूस हाय आत!” मग सगळ्यांनी हातांनी वाळू उकरली. पहारीने दार वाकवलं. रहीमभाईला बाहेर काढलं तेव्हा तो शुद्धीवर होता. छातीवर स्टिअरिंग बसलं होतं. मागे त्या पाण्यावर मेंढ्या जमल्या होत्या. कोणी त्यांना हाकललं नाही.

खाणीवरचा एक रिकामा ट्रक अलीकडच्या काठाला उभा होता. रहीमभाईला त्यात घालून आम्ही निघालो; कचरूबा माझ्या पेटीपाशी मागे राहिला. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. देवगावच्या डॉक्टरांनी बघून ताबडतोब शहरात न्यायला सांगितलं. वाटेत रहीमभाईने एकदाच डोळे उघडले. “मेरी चप्पल किधर गई?” त्याने विचारलं. मी म्हटलं, आहे, माझ्याकडे आहे. ती माझ्याकडे नव्हती. कसाबखेड्याच्या जरा पुढे तो गेला.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला साहेब आले. मीही शहरातून त्यांच्याच जीपमधून आलो होतो. सगळा रस्ता मी मनात वाक्य जुळवत होतो : ती ओळ मी लिहिली. पुलाशी उतरलो आणि पाटीकडे बघितलं. ओळ नव्हती. रॉकेलने पुसून त्यावर पांढऱ्याचा हात मारलेला होता. कचरूबा बाजूला उभा होता, नखांत पांढरा रंग.

“पाटी स्पष्ट आहे,” साहेब खिन्नपणे म्हणाले. “बिचाऱ्याने वाचायला हवी होती.” कारकुनाने लिहिलं, चालकाने बंदी मोडून भरलेले वाहन पुलावर नेले. पंच म्हणून सही करायला कागद माझ्यापुढे आला. वस्तीवरची माणसं गप्प उभी होती. कचरूबा माझ्याकडे बघत नव्हता.

मी सही केली.

साहेब गेल्यावर कचरूबा म्हणाला, “तुमची बायकापोरं हायत. त्यो तर गेलाच.” त्याने माझ्यासाठी केलं होतं.

उरलेल्या पाट्या मला जमेनात. हात चालत होता, पण ओळी खाली उतरायला लागल्या. चार दिवसांनी मी पेटी उचलली आणि परतीच्या एसटीत बसलो. खुलताबादला गाडी पाच मिनिटं थांबते. मी पाणी प्यायला म्हणून उतरलो, आणि एका पानवाल्याला रहीमभाईचं घर विचारलं.

“टँकरवाला? जिसने बंदी का पूल तोड़ा?” तो म्हणाला. “वो तट के पीछे. जल्दबाजी में मरा बेचारा.”

एसटी माझ्याशिवाय गेली.

घर एका खोलीचं होतं. बाहेर बाजेवर रहीमभाईचे वडील आणि गल्लीतले चार-पाच लोक बसले होते. आत त्याची बायको शमीमबी होती. तिची सासू शेजारी बसून राहिली. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. मी पेंटर. पाटीवर ओळ मी वाढवली. त्यांनी हुकूम आला का विचारलं, मी हो म्हणालो. हुकूम आला नव्हता.

शमीमबीने पदर सावरला. मग तिने विचारलं, “उनो बोर्ड पढ़े थे?”

“दोनदा वाचला. दो बार.”

“सब लोगां बोल रहे, पढ़ना नहीं आता था इसलिए मरा. कोई बोल रहा, मस्ती में गया.” तिचा आवाज चढला. “मेरेकू बोलके क्या होता? बाहर बोलो. अब्बा के सामने बोलो. सबके सामने.”

मी बाहेर आलो आणि बाजेपाशी उभा राहून पुन्हा सगळं सांगितलं. अर्ध्यात एकाने माझी गचांडी धरली. म्हाताऱ्याने त्याला थांबवलं. “पूरा बोलने दे,” तो म्हणाला. मी पुरं बोललो. म्हाताऱ्याने मग मला ती ओळ म्हणायला लावली. मी म्हटलं, पाण्याचे टँकर वगळून. त्याने ती हळूहळू माझ्या मागून उच्चारली. “मतलब मेरा बेटा हुकूम से गया,” तो आजूबाजूच्या लोकांना म्हणाला. “सुने ना तुम लोगां?” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “अब तू जा. फिर मत आना.”

त्याच दुपारी मी शहरात जाऊन साहेबांना जबाब लिहून दिला. ओळ मी लिहिली, आणि घाबरून मीच पुसली, असं लिहिलं. कचरूबाचं नाव घातलं नाही. साहेबांनी जबाब दोनदा वाचला. डोळ्यांवरचा चष्मा काढून ते म्हणाले, “मी तुम्हाला एक मात्रा जास्त नको म्हणालो होतो.” पंचनाम्याला माझा जबाब जोडला गेला. पोलिसांनी दोनदा बोलावलं. पूल ट्रकांमुळे आधीच खचलेला होता, असं तपासणीत ठरलं आणि मला सोडून दिलं. माझ्या मनात मात्र असं काही ठरलं नाही.

चिपळूणला पोचलो तेव्हा घरच्यांनी विचारलं, कसा आहे तो मुलूख? मी म्हटलं, माणसं चांगली आहेत. खरंच चांगली आहेत. ज्याने त्याने दुसऱ्याला वाचवायचंच बघितलं होतं, साहेबांनी पूल, मी वस्ती, कचरूबाने मला. एवढं सगळं होऊन रहीमभाई गेला, आणि त्याला मी हो म्हणालो होतो. लोक म्हणतात, नियम माणसांसाठी असतात. मीही तसंच समजून ब्रश उचलला होता. पण पुलाला ते कळत नाही, आणि पूल किती वजन पेलेल ते नियमाला कळत होतं, मला नव्हतं. हे शिकायला मला फार लांब जावं लागलं आणि त्याचं भाडं दुसऱ्याने दिलं.

दोन वर्षांनी मेव्हणा आला तेव्हा तिकडची हकीकत कळली. नाल्यावर नवा पूल झालाय, रुंद, काँक्रीटचा. मुरुमाचे ट्रक दिवसभर त्यावरून ये-जा करतात. मी वस्तीचं विचारलं. तो म्हणाला, पलीकडे घरांच्या भिंती तेवढ्या आहेत. ते लोक त्याच उन्हाळ्यात उरलेली मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला उतरले, ते परत आलेच नाहीत.